सात घरांचा एकच टॅब

मित्रांनो, मी एक म्हातारा टॅब आहे. वय विचाराल तर नऊ वर्षे. तुमच्यातले नऊ वर्षांचे मूल चौथीत असते. आमच्यात मात्र एवढ्या वयात पणजोबा होऊन खोक्यात पडायची वेळ येते. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीला चिकटपट्टी आहे आणि पोटात वीज टिकत नाही. सकाळी पोटभर चार्ज केले तरी दुपारच्या चहाला माझे डोळे मिटू लागतात. तरी मी अजून कामावर आहे.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. सगळे जग आपल्या काचेत मावते, असे तिथे आम्हा भावंडांना वाटायचे, त्यामुळे मी जरा शिष्टच होतो. एखाद्या हुशार डॉक्टरीणबाईंच्या हाती पडेन, अशी माझी समजूत होती. पडलो कुठे, तर जपानच्या आतल्या समुद्रातल्या एका संत्र्यांच्या बेटावर, सात घरांच्या वाडीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिसाओआजींच्या स्वयंपाकघरात.

मला तिथे घेऊन आले गावच्या कचेरीतले कुरोइवासाहेब. टक्कल पडलेले, निवृत्तीला टेकलेले आणि माझ्याइतकेच घाबरलेले. मिसाओआजी त्या वर्षी वाडीच्या पुढारी होत्या. तिथे पुढारीपण घरोघरी पाळीने येते, त्यामुळे कोणाला त्याची मिरवणूक नाही आणि सुटकाही नाही.

"आजी, निरोपाची फाइल आता बंद होणार," साहेब म्हणाले. "सगळ्या सूचना यात येतील. महिनाभर सगळ्यांनी बघा, वाचा आणि 'वाचले' हे बटण दाबा. एप्रिलपासून प्रत्येक घराला असाच एकेक देणार. मग घरोघरी फिरवायची कटकटच नको."

"म्हणजे ही नवीन फाइल," आजी म्हणाल्या.

"तसंच समजा. फक्त दाराला टांगून येऊ नका हं. खारा वारा लागला की बिघडतो हा. हातात द्यायचा."

साहेबांच्या मनात होते की आजींनी सगळ्यांना सभागृहात बोलवून मला दाखवावे. पण त्या वाडीत गेली साठ वर्षे निरोपाची फाइल घरोघरी फिरत होती. गटारसफाईचा दिवस, कचऱ्याचा दिवस, कोण वारले, कोणाला नातू झाला, सगळे त्या फाइलीत. वाचायचे, सात चौकोनांच्या कागदावर आपल्या घराच्या आडनावाचा लाल शिक्का उठवायचा आणि शेजारी पोचवायचे. आजींनी माझ्या बाबतीतही तीच रीत पाळली. जुन्या फाइलीतला सात चौकोनांचा कागद काढला आणि रबराने माझ्या पाठीला बांधला.

त्याआधी त्यांनी मला खोक्यासकट पितरांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले. घरात काही नवीन आले की आधी ते पितरांना दाखवायचे, मग आपण वापरायचे, अशी तिथली पद्धत. मला ते फार आवडले. तेवढा मान मला पुढे कोणी दिला नाही. देव्हाऱ्यात आजींच्या आईचा फोटो होता. आजींनी घंटा वाजवली, हात जोडले आणि फोटोशी बोलू लागल्या.

"आई, एप्रिलपासून हे घरोघरी येणार म्हणे. मग फुसाएच्या दाराशी जायला मला निमित्तच उरणार नाही. फाइलीची पिशवी टांगायला तरी जात होते. तेही गेलं."

मित्रांनो, फुसाए म्हणजे आजींची सख्खी धाकटी बहीण. लग्न होऊन त्याच वाडीत, चौदा पायऱ्या वरच्या घरात आलेली. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई सत्त्याण्णवाव्या वर्षी वारली, तेव्हा फुसाएबाई समुद्रापलीकडच्या शहरात डोळ्यांचे ऑपरेशन होऊन डॉक्टरांच्या सांगण्यावरून पालथ्या पडून होत्या. आजींनी त्यांना कळवले नाही. आठ दिवसांनी त्या बोटीत बसल्या, आणि त्यांना आई गेल्याचे कळले ते तिकीट फाडणाऱ्याकडून. त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद. फाइल तेवढी जायची. आजी पिशवी दाराच्या कडीला टांगायच्या, खोकायच्या आणि निघून यायच्या. खोकल्याला काही बोलणे म्हणत नाहीत, पण आजींना तेवढाही आधार होता.

आता मला हातात द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी मला रुमालात गुंडाळले आणि पायऱ्या चढल्या. दाराशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की रुमालातही मला गारठा जाणवू लागला. शेवटी त्या खोकल्या. मग त्यांनी दार सरकवले.

"काय आहे?" फुसाएबाई जोत्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"कचेरीचं आहे. बाहेर ठेवायचं नाही म्हणाला."

"ठेव तिथे, चपलांच्या फळीवर."

"हातात द्यायचं म्हणाला."

फुसाएबाईंनी हात पुढे केला, पण तो माझ्यापासून वीतभर बाजूला. आजींना वाटले, ती मुद्दाम हात आखडते आहे. त्यांनी मला त्या हातात कोंबले आणि खाली मान घालून पायऱ्या उतरल्या. मला तेव्हाच शंका आली होती. त्या हाताला मी कुठे आहे तेच दिसले नव्हते.

माझी शंका खरी ठरली. फुसाएबाईंनी मला टेबलावर ठेवले आणि नाक माझ्या काचेला लागेपर्यंत वाकल्या. त्या सरळ होताना त्यांची दोन बोटे माझ्यावर पसरली आणि अक्षरे एकदम संत्र्याएवढी झाली. बाई दचकून मागे सरल्या. मग पुढे आल्या आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागल्या.

"रान... डुकरं... पोहून... बेटावर... आली आहेत. संध्याकाळी बागेत एकटं जाऊ नये." त्या थांबल्या. "अगं बाई. आणि मी रोज जातेय."

सहा वर्षे ही बाई फाइल न वाचता शिक्का मारत होती. एक डोळा ऑपरेशनात गेला होता, दुसऱ्यात धुके होते. डोळे गेले असे कळले तर मुलगा शहरात घेऊन जाईल आणि बाग विकेल, म्हणून त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. संत्री त्या हाताने चाचपून तोडायच्या. सात घरांच्या वाडीत एकाला सांगितले की संध्याकाळपर्यंत सातांना कळते.

त्यांनी डुकरांची सूचना तीनदा वाचली. मग गटारसफाईची. मग आनंदाच्या भरात काहीबाही दाबले आणि माझा मागचा डोळा उघडला. मी समोरचा चहाचा डबा काचेत आणला. बाईंनी बोटे पसरली, डब्यावरची अक्षरे मोठी झाली. लोणच्याच्या बरणीवर मला धरले, तीही वाचली. औषधाची पुडी वाचली आणि म्हणाल्या, "हे जेवणानंतर होय."

मग उठून त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला आणि तळातून एक पाकीट काढले. पाच वर्षांपूर्वी ते निरोपाच्या फाइलीत आले होते. वर बहिणीच्या घराचा शिक्का होता, तो बोटांना आणि थोडासा डोळ्यांनाही कळला होता. पण आतले वाचून कोणाकडून घ्यायचे? त्यांनी ते न वाचता ठेवून दिले होते. फेकले मात्र नव्हते.

त्यांनी पत्र टेबलावर पसरले आणि मला वर धरले. पाच वर्षांच्या घड्या सरळ होईनात, त्यामुळे मला नीट दिसेना. मी आयुष्यात कधी इतका जोर लावून पाहिले नसेल. ते पत्र मला पाठ आहे.

"फुसाए, डॉक्टर म्हणाले होते, ती रडली तर दोन्ही डोळे जातील. आई तर गेलीच होती. तुझे डोळेही जावेत हे माझ्याच्याने झालं नाही, म्हणून कळवलं नाही. चुकले असेन. आईला फुलं नेते तेव्हा तुझ्या वाटची वेगळी नेते. तुला पत्र लिहायचा कंटाळा, मला ठाऊक आहे. तुझा राग गेला असेल तर या वेळी फाइलीवर शिक्का मारू नकोस. चौकोन रिकामा दिसला की मी समजेन."

आणि बाईंनी त्या वेळी नेहमीसारखा शिक्का मारला होता, ठसठशीत, लाल. आजींनी तो पाहिला आणि उत्तर मिळाले असे समजून पाच वर्षे गप्प बसल्या.

फुसाएबाई रडल्या. डॉक्टरांनी मना केलेले रडणे सहा वर्षांनी रडल्या. मी त्यांच्या हातात होतो, त्यामुळे थोडे माझ्यावरही सांडले. मला पाणी चालत नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

डोळे पुसून त्यांनी सवयीने शिक्क्याची डबी काढली, माझ्या पाठीवरच्या कागदाकडे पाहिले आणि डबी पुन्हा बंद केली. मला पुढच्या घरी दिले. बहिणीकडे धावत का गेल्या नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्या दोघी एकाच आईच्या मुली. पत्रात चौकोन म्हटले होते, तर उत्तर चौकोनातच जाणार.

आता माझ्यापुढे आणखी पाच घरे होती आणि माझा जीव टांगणीला लागला. पुढचे घर हिदेमित्सुआजोबांचे. त्यांनी मला पाहिले, "काय झकपक फाइल आहे" म्हणाले आणि शिक्का शाईत बुडवून थेट माझ्या काचेवर दाबला. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला आणि ओल्या फडक्याने मला पुसले. मग आजोबांनी माझी पाठ पाहिली.

"फुसाएचा शिक्का राहिलाय बघ. मिसाओ आधीच तिच्यावर डूख धरून. आता कचेरीत नाव सांगेल तिचं. आपलं आडनाव एकच, आपलाच शिक्का मारून टाकतो. कोणाला कळतंय?"

हा भला माणूस. साऱ्या वाडीचे भले करायची त्याला हौस. शिक्क्यावर त्याने फुंकर मारली आणि तो कागदाजवळ आणला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी बेट डोक्यावर घेतले असते. मला फक्त उजेड कमी-जास्त करता येतो. तोही त्यांचे बोट लागल्याशिवाय नाही.

"आधी तिला विचारा तरी," बायको म्हणाली. "शिक्का म्हणजे काय मीठ आहे, दिसेल तिथे टाकायला?"

आजोबांनी कुरकुरत फोन लावला. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज अंगणापर्यंत जातो. त्यामुळे मलाही ऐकू आले.

"हिदेमित्सुदादा," फुसाएबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या चौकोनाला हात लावलात तर या वर्षी माझ्या बागेची शिडी तुम्हांला मिळायची नाही."

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं त्या चौकोनात आहे. तो तसाच राहू द्या."

आजोबांनी आपल्या चौकोनात शिक्का मारला आणि दिवसभर बायकोला विचारत राहिले, की या बाईला झाले तरी काय. माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या घरांत कोणी माझ्यावर भाताचा गोळा ठेवून खाल्ला, कोणी मला आरसा समजून केस विंचरले. आठवड्याने मी मिसाओआजींकडे परतलो. त्या मुळा चिरत होत्या. पुढारी म्हणून शिक्के मोजायचे त्यांचे काम. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत मोजू लागल्या. आधी आपला, आणि पुढच्याच चौकोनावर बोट थांबले. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला. उलटा करून पाहिला. अंगठ्याने तो चौकोन घासला, जणू शिक्का कागदाच्या आत गेला असेल. मग त्या सुरी हातात तशीच घेऊन दाराबाहेर पडल्या, पायांत घरातल्याच सपाता. दोन पायऱ्या चढून परत आल्या, सुरी ठेवली आणि पुन्हा निघाल्या.

वरच्या घरात काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. मी मुळ्याशेजारी पडून होतो. दुपार झाली, मुळा सुकला, आणि आजी आल्या नाहीत.

महिना संपला तेव्हा कुरोइवासाहेब आले. टेबलाशी दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून संत्री सोलत होत्या. साहेबांनी माझी पाठ पाहिली.

"आजी, एका घराचा शिक्का राहिलाय."

"राहिलेला नाही," मिसाओआजी म्हणाल्या.

साहेबांना काही उमगले नाही, पण त्यांनी वही काढली. "बरं. एप्रिलपासून सात टॅब लिहू ना?"

"आम्हांला एकच पुरे," फुसाएबाई म्हणाल्या. "तेही माझ्याकडे दोन दिवस जास्त राहील. माझे डोळे गेलेत, लिहून घ्या. आता ताईला माहीत आहे, म्हणजे सगळ्यांना माहीत होईलच."

"मी कुणाला सांगितलं गं?" आजी म्हणाल्या.

"हिदेमित्सुदादाला."

"तो घरचाच."

साहेबांनी 'एक' असे लिहिले आणि संत्री खाल्ली.

त्याला नऊ वर्षे होत आली. मी अजून त्या सात घरांच्या वाडीत फिरतो. घरे आता पाचच उघडी असतात. फुसाएबाईंचा दुसरा डोळाही दोन वर्षांपूर्वी गेला, त्यामुळे आता मिसाओआजी मला घेऊन वर जातात आणि सूचना मोठ्याने वाचून दाखवतात, डुकरांपासून कचऱ्यापर्यंत सगळ्या. मध्येच चुकतात, मग फुसाएबाई त्यांना खिजवतात. माझी वीज संपली तरी त्यांचे बोलणे चालूच असते. असे माझे दिवस चालले आहेत.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, ओल्या हातांनी धरू नका, हे मी सांगायला हवे आणि ते सांगितले. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. माझ्यात 'वाचले' असे एक बटण आहे. ते दाबले गेले म्हणजे समोरच्याने वाचलेच असेल, असे धरून बसू नका. कोणाचे उत्तर आले नाही, किंवा नको ते आले, तर मला बाजूला ठेवा, पायांत असेल ते घालून त्याच्या दारी जा आणि तोंडाने विचारा. मिसाओआजींना त्यासाठी चौदाच पायऱ्या चढायच्या होत्या, आणि त्या चढून तोंड उघडायला त्यांना सहा वर्षे लागली.