माझ्या डोळ्यांना हात लावाल तर!

मी एक जुना, तुटक्या नाकाचा राक्षस आहे. घाबरू नका मित्रांनो, मी कागदाच्या लगद्याचा आहे. पण हसूही नका, कारण मी सिनेमात काम केलेला राक्षस आहे. पेणपासून रोह्यापर्यंत मला ओळखत नाही असा एकही माणूस नाही. कोणी निघालाच, तर तो त्या दिवशी परगावी गेलेला असणार.

माझा जन्म जोह्याचा. जोहे म्हणजे गणपती घडवणारं गाव. तिथे महिपतींचा मूर्तींचा कारखाना आहे. एका वर्षी सगळे गणपती आपापल्या घरी रवाना झाले, शेड रिकामी झाली, आणि रोह्याचा सुजय तिथे आला. हा सुजय डोलवीला कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीत बाहुल्यांचे सिनेमे. त्याला एक राक्षस हवा होता. साधासुधा नाही, खाडीचा बांध फोडणारा! आमच्या खाडीकाठी समुद्राचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात. तो फुटला की शेत खारं होतं, आणि मग तिथे काही वर्षं गवतसुद्धा नाक मुरडतं. असा बांध फोडणारा तो मी. नाव खारासुर.

महिपतींनी माझं डोकं लगद्याचं केलं, सुळे बसवले, नाक तर असं केलं की त्याच्या सावलीत कोंबडी बसावी. पोट पोकळ ठेवलं, कारण तिथून सुजयचा हात आत जायचा. हातांना दोन काठ्या लावल्या. शेवटी मला महिपतींच्या बायकोपुढे, चंद्रावतीकाकूंपुढे ठेवलं. काकू आखणी करायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. त्यांनी कुंचला उचलला की पत्र्यावरचे कावळेसुद्धा गप्प बसत. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

पण झालं असं, की सारा जन्म काकूंनी गणपतीचेच डोळे काढलेले. तुम्ही कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, ते डोळे तुमच्याकडेच बघतात आणि जणू विचारतात, ‘काय हवंय बाळा?’ राक्षसाचे डोळे काढायला बसल्या खऱ्या, पण हाताला सवय एकच. मला तेच डोळे मिळाले! कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या शेडमध्ये सगळ्यांचे डोळे तसेच, मग माझे वेगळे कोणाला दिसणार?

सिनेमा तयार झाला. पहिला खेळ जोह्यालाच, शेडमध्ये पांढरी चादर बांधून. बांध फोडायचा प्रसंग आला. ढोल वाजले. मी गर्जना केली, उडी मारली, मान गरागरा फिरवली, पुन्हा उडी मारली. एवढ्यात पहिल्या रांगेतल्या सीताबाई उठल्या. त्या काकूंच्या शेजारीण, त्यांचं भात खाडीकाठी. मी मनात म्हटलं, घाबरल्या! तर त्यांनी चक्क हात जोडले.

‘‘डोळे कसे मायाळू काढलेस गो देवाचे,’’ त्या काकूंना म्हणाल्या.

सगळी शेड खो खो हसली. सुजयचा चेहरा मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला.

पुढच्या रविवारी रोह्याला, सुजयच्या ओटीवर सभा भरली. बाहुल्यांच्या सिनेमांचं वेड असलेली त्याची ही मित्रमंडळी. मला स्टुलावर बसवलं होतं, आरोपीसारखं.

‘‘काठ्या दिसतात रे!’’ मितेशने सुरुवात केली. ‘‘काठी दिसली की बाहुलीचा सिनेमा मेला. कॉम्प्युटरवर पुसून टाक.’’

‘‘काही मरत नाही,’’ नमिता म्हणाली. ‘‘बाहुली आहे हे लोकांना घरून निघतानाच माहीत असतं. काठी दिसते म्हणून कोण उठून जातं?’’

‘‘मग पडला कशाने? सांग ना!’’

‘‘उड्यांनी. एवढा मोठा राक्षस आणि टोळासारखा टुणटुण करतो. त्याला वजनच नाही.’’

‘‘गाणं नव्हतं एकपण,’’ अमोल वडा खाता खाता म्हणाला.

‘‘तू वडा खा,’’ दोघंही एकदम म्हणाली.

मित्रांनो, माझ्याबद्दल बोलत होते, आणि मला कोणी विचारत नव्हतं! टोळ म्हणे! सुजय एका उडीत मला तीनदा हलवायचा, त्याला मी काय करणार? त्याला सारखी भीती, की बाहुली गप्प राहिली तर लोक कंटाळतील.

शेवटी मितेशने मला उचललं. ‘‘काठ्या सोड, उड्या सोड. हे डोळे बघ! बांध फोडतोय की प्रसाद वाटतोय? घासून काढ. लाल काचेचे डोळे ऑनलाइन मिळतात.’’

त्याच क्षणी माझा सुळा त्याच्या खिशात घुसला आणि नवा शर्ट टर्रकन फाटला. ते म्हणतात, अडकला. मी सांगतो, चावलो.

पण सुजय हळूच म्हणाला, ‘‘घासूया. आणखी एकदा करून बघतो. पुन्हा हसं झालं ना, तर बाहुल्या बंद. मग मी आणि माझी शिफ्ट.’’

माझे डोळे जाणार होते, आणि त्याचा नाद जाणार होता. पण पोरगा सरळ. म्हणाला, ‘‘डोळे काकूंनी काढलेत. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.’’

मग मितेश आणि नमितासकट आमची स्वारी निघाली जोह्याला. मी सुजयच्या पाठीवर, पिशवीतून डोकं बाहेर काढून. खांब गावाच्या पुढे हायवेवर एका ट्रेलरने मला पाहिलं आणि घाबरून थेट पनवेलपर्यंत मागे गेला, असं मी ऐकलं. म्हणजे, मीच सांगितलं.

जोह्याला काकू शेडमध्ये कुंचले धूत होत्या. सीताबाई शेजारी बसून वाल सोलत होत्या. सुजयने पॉलिश पेपर पुढे केला आणि अडखळत विचारलं.

काकू ताडकन उठल्या. ‘‘उघडलेल्या डोळ्यांवर पॉलिश पेपर? या कारखान्यात कधी झालं नाय ते. मूर्ती फुटली तरी आम्ही आधी तोंडावर फडकं टाकतो, मग माती भिजवतो. आधी तुझ्या डोळ्यांवर फिरव तो कागद!’’

‘‘काकू, हा देव नाही, राक्षस आहे,’’ मितेश म्हणाला.

‘‘मग काय आंधळा करू त्याला?’’

‘‘अहो, याच सीताबाईंनी हात जोडले त्याला!’’

‘‘जोडीन नायतर पाय धरीन, तुझ्या बापाचं काय जातंय?’’ सीताबाई वालावरून मान न उचलता म्हणाल्या.

तेव्हा नमिता मध्ये पडली. ‘‘भांडू नका. सुजय, डोळे राहू देत. इथेच तो प्रसंग करून दाखव. ढोल नाही, गर्जना नाही, एकही उडी नाही. नाहीच जमलं, तर फडकं टाकून घासा.’’

‘‘आणि काठ्या?’’ मितेश.

‘‘दिसू देत!’’

शाडूचा छोटा बांध केला. एका बाजूला परातीत पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवा पाला, म्हणजे भात. सुजयने माझ्या पोटात हात घातला. या वेळी घाई केली नाही. मी निघालो. एक पाऊल. थांबलो. अंगात असं वजन आलं की जमिनीने कण्हावं. बांधाशी आलो आणि सीताबाईंकडे पाहिलं. तेच डोळे. ‘काय हवंय बाळा?’

आणि तसंच बघत बघत मी एका बोटाने बांधाचं एक ढेकूळ काढलं.

वाल सोलायचे थांबले.

मी नजर हलवली नाही. दुसरं ढेकूळ काढलं. पाण्याची बारीक धार पाल्याकडे निघाली. शेडमध्ये कोणी हलेना. मितेशचा हात आपल्या फाटक्या खिशावर तसाच राहिला. मी तिसऱ्या ढेकळाला बोट लावलं, तसाच मायेने बघत...

सट्टाक!

सीताबाईंची चप्पल माझ्या नाकावर बसली. ‘‘बांध फोडतंस व्हय रे मेल्या? आनि वर हसतंस?’’ दुसरी चप्पलही हातात होती. काकूंनी धावत जाऊन त्यांना धरलं.

‘‘अगो सीताबाय, बाहुली हाय ती!’’

‘‘म्हायती हाय मला!’’ सीताबाई ओरडल्या. ‘‘बाहुली हाय म्हणून काय बांध फोडू देऊ?’’

मग सुजयने जमिनीवरचा माझ्या नाकाचा तुकडा उचलला आणि तो हातात धरून सगळ्या शेडभर नाचला. सुजयने आणलेला पॉलिश पेपर काकूंनी उचलला आणि चुलीत घातला.

तो प्रसंग पुन्हा चित्रित झाला, तोही तुटक्या नाकानिशी. आता खेळ असला की सुजय आधीच सांगतो, चपला बाहेर काढून या. तरी काही लोक लपवून आणतात. मितेश अजून म्हणतो, काठ्या पुसल्या असत्या तर आणखी चालला असता. नमिता अजून भांडते. अमोलला अजून गाणं हवंय. भांडू देत! ज्या बाहुलीसाठी कोणी भांडत नाही, ती बाहुली मेली.

महिपती अधूनमधून लगदा घेऊन येतात, नाक नीट करतो म्हणतात. मी मान फिरवतो. हे नाक मला बक्षीस मिळालंय.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी बाहुली असेल तर तिला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. काचेच्या कपाटात कोंडू नका. तिच्या पोटात हात घाला आणि लाजू नका. ती वाकडी असेल, बोजड असेल, चुकीच्या डोळ्यांची असेल, तरी तिला दुसऱ्यासारखी करायला जाऊ नका. आणि माझे डोळे पुसायला कोणी येणार असेल, तर खुशाल या. नाक गेलंय माझं. सुळा अजून शाबूत आहे.