स्वेटरचा हिरवा

धाकटीने आज सकाळपासून आणखी चार हिरवे वाया घालवले होते आणि आता पाचवा घोटत होती. पहिल्याने कागदाला डागच पाडला, दुसरा धुताना डिंकासकट वाहून गेला, उरलेल्या दोघांबद्दल न बोललेलंच बरं. एका जागी बसवेना. सारखे डोळे खिडकीकडे. ऊन गेलं की फोटोची छपाई संपली.

डिंकात रंग आणि बायक्रोमेट नावाचं रसायन कालवायचं, कागदावर फासून वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. पण बायक्रोमेट पडलं नारिंगी, त्यामुळे खरा रंग धुतल्याशिवाय कळत नाही. धाकटीला गेलेल्या आईच्या स्वेटरचा हिरवा हवा होता, उरलेल्या लोकरीशी तंतोतंत जुळणारा. बाबांची नजर जात चालली होती. त्याआधी आई त्यांना रंगात दिसावी, एवढाच तिचा हट्ट.

"अगं, झालं का? नमनालाच घडाभर तेल!" बाबा आतून ओरडले.

"आलेच!"

पाचवा जुळला. कागदावर लोकर ठेवली तर वेगळी ओळखू येईना. धाकटी ओला कागद घेऊन आत धावली. बाबांनी तो नाकाशी धरला, तिरका केला, उजेडाकडे नेला.

"कोरा कागद काय दाखवतेस?"

आठ दिवस ती रंग जुळवत बसली आणि तेवढ्यात नजर आणखी उतरली. फिकट हिरव्यातला चेहरा त्यांना दिसणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

ऊन खिडकीच्या कडेला टेकलं होतं. तिने हेअर ड्रायरने कागद सुकवला, काजळीचा काळा अंदाजपंचे डिंकात कालवला आणि त्याच हिरव्यावर फासला. पुन्हा सुकवला. कोपऱ्याला कोपरा जुळवून निगेटिव्ह ठेवली, उन्हात धरली, कागद धुतला. हिरवा काळ्याखाली गेला. भुवया, डोळे, नाक मात्र ठसठशीत वर आले.

बाबांनी कागद पुन्हा नाकाशी धरला.

"रागावलीय," ते म्हणाले आणि हसायलाच लागले. "अगं, माझ्यावर रागावलीय! अश्शीच बघायची." मग त्यांनी स्वेटरवर बोट ठेवलं. "हा हिरवाच ना गं?"

धाकटीने त्या काळ्याकुट्ट स्वेटरकडे पाहिलं.

"हिरवाच, बाबा. लोकर लावून बघितलीय."