अंगठ्याची जागा

बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, घडवण्यात उत्रोलीच्या गोरखनानांची उभी हयात गेली. पुण्यातल्या एका बंदूकवाल्याच्या दुकानामागे बसून त्यांनी अक्रोडाच्या नि शिसवीच्या लाकडाला पटाशी-कानशीनं आकार दिला, वर जवसाचं तेल हातानं मुरवलं. पुढं मालकाच्या मुलानं नसरापूरजवळ कारखाना काढला आणि दस्ते काळ्या प्लास्टिकचे झाले. नाना घरी बसले. गंमत अशी, की त्याच कारखान्यात त्यांची लेक अश्विनी माल तपासायला लागली.

"पलाष्टिकच्या बादल्याच पाडताय की तुमी," असं नाना पहिल्याच दिवशी बोलून गेले. तेव्हापासून अश्विनीनं घरात कामाचा विषय काढणंच सोडलं. आपल्या तोंडून तिला एकदा 'चांगलं केलंस' एवढंच ऐकायचंय, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. पण खोटी शाबासकी द्यायला त्यांची जीभ वळत नव्हती, आणि तेच त्यांना आतून खात होतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची, घरच्यांनाही बोलावणं असायचं. नाना कधी फिरकले नव्हते. यंदा अश्विनी उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाली, "नाना, येताय का? न्हाई आलात तर परत न्हाई इचारायची मी."

नानांनी टोपी घातली आणि ते तिच्यामागून एसटीत चढले.

कारखान्यात ना भुसा, ना तेलाचा वास. यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या, टेबलावर काळ्या दस्त्यांची रांग. लेकीचं मन राखायला म्हणून नानांनी एक उचलला. हलकाफुल्ल. वेल्ह्याच्या पावसात हा फुगणार नाही, एवढं त्यांनी मनाशी कबूल केलं. मग दस्ता नीट धरायला गेले, तर अंगठा आपसूक एका खोलगट जागेत जाऊन बसला.

नाना जागीच थबकले. ही जागा त्यांनीच कोरली होती. वेल्ह्याच्या कोंडिबाचा अंगठा बैलगाडीच्या चाकाखाली सापडून वाकडा झालेला. त्याच्या हाताला बसेल असा दस्ता त्यांनी घडवला, आणि सरळ अंगठाही त्या जागेत नेमका बसू लागला. पण तो न्यायला कोंडिबा काही राहिला नाही. दस्ता दुकानातच पडून राहिला.

"ह्यो नमुना कुठनं आनला?"

"सायबांनी जुन्या दुकानातला एक लाकडी दस्ता दिलता. त्याच्यावरनं साचा केला."

नानांना आधी रागच आला. विचारायची रीत म्हणून काही असते की नाही? तेवढ्यात बाजूच्या लाल पेटीकडं त्यांचं लक्ष गेलं. तीत बरेच दस्ते टाकून दिलेले होते.

"ह्ये का टाकलं?"

"साचा झिजलाय, नाना. त्यानं हितली खाच उथळ येती. मापात बसतंय, पर अंगठा बसत न्हाई. सुपरवायझर म्हनला, चालतंय, जाऊ दे. म्या न्हाई जाऊ दिलं. लई भांडान झालं."

"तुला कुनी सांगितलं, अंगठा बसत न्हाई म्हनून?"

"कोन सांगनार? धरून बघितलं."

नानांनी पेटीतला दस्ता धरला. डोळ्यांना काही फरक दिसेना, पण अंगठा हळूच घसरला. टेबलावरचा धरला, अंगठा ठाण मांडून बसला. ज्या कोंडिबाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्या अंगठ्यासाठी पोर भांडली होती.

पूजेचं तबक समोरच होतं. नानांनी लेकीचा हात हातात घेतला, हळदीकुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या अंगठ्यावर टेकवलं.

"नाना, आवं, ह्ये काय करताय? समदी बघाय लागली!"

"बघू दे की," नाना म्हणाले. "आज हत्याराची पूजा असती."