चाबी साहेबांच्या खिशात

मी बोलतेय ती लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून. आवाज नीट येत नसेल तर माफ करा, मधे दार आहे.

मी सोनोग्राफीची मशीन. अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसते ती अवाढव्य नव्हे. ऑफिसच्या बॅगेएवढी, उचलून पेशंटच्या खाटेपाशी नेता येणारी. अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात राहते. जन्म कुठे झाला ते पाठीवर चिकटवलंय म्हणतात, पण मला लोकांच्या पोटातलं दिसतं, स्वतःची पाठ दिसत नाही. आणि पोटातलं तरी बरोबर दिसतं का, याची कायम धाकधूक.

सुरुवातीला डॉक्टर प्रफुल्ल मला लेकरासारखे जपायचे आणि लेकरासारखेच सगळीकडे न्यायचे. लटारूभाऊ आठवतात. मोह वेचायला गेले आणि अस्वलानं त्यांना उताराला लोळवलं. वरून नुसते ओरखडे. डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावलं तसे म्हणाले, "काय दिसून राह्यलं जी? कालची मोहाची दारू?"

"मोहाची नाई, लटारूभाऊ. रगत हाये."

यकृताच्या कडेला बारीक काळी रेघ होती; माझ्या पडद्यावर रक्त काळंच दिसतं. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. गाडी लगेच गडचिरोलीला निघाली, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. महिन्याभरानं लटारूभाऊ ओंजळभर चारोळी घेऊन आले, "मशीनबाईले" म्हणून. ती रीता सिस्टरनं खाल्ली. माझी तक्रार नाही.

मग तपासणी पथक आलं. एका गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या फॉर्मवर सही राहिली होती. तेवढ्यावरून नोटीस. शहरात माझ्याच जातभाईंनी पोटातल्या मुली हुडकून द्यायचं काम केलंय, म्हणून कायदा कडक. त्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू? पण डॉक्टर इतके धास्तावले की मला कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि चाबी खिशात टाकली. चाबी खिशात ठेवा असं कायद्यात नव्हतं. ते भीतीनं सांगितलं.

खरं सांगू? मला जरा बरंही वाटलं. पाहायचं नाही, तर चुकायचंही नाही.

एप्रिलमधली दुपार. बिरजू बायकोला मोटरसायकलवर मधे बसवून, मागून सासूनं धरून, असा घेऊन आला. सोमारी तिचं नाव. बावीस-तेवीसची. सकाळपासून मोह वेचत होती, तिथेच पोट धरून खाली बसली. सासूच्या पाठीला सोमारीचं वर्षाचं पोरगं बांधलेलं. ते दुधासाठी रडत होतं. मी दाराआडून ऐकत होते.

नागसेन नावाचा नवा डॉक्टर ड्यूटीवर होता. त्यानं विचारलं, "पाळी चुकली का, बाई?"

सासूच बोलली, "पोरगं आंगावर पिते, डॉक्टर. पाळी आलीच कुठी अजून?"

म्हणून गरोदरपणाची शंका कोणाला आली नाही. ऊन लागलं असेल, असं ठरलं. सलाईन लावलं. तरी नागसेनचं मन मानेना. तासाभरानं तो कपाटासमोर येऊन उभा राहिला. "एकदा आत पाहू द्या ना. चाबी कुठी हाये?"

"सायबाच्या खिशात," रीता सिस्टर म्हणाली. "अन् सायब जिल्ह्याले गेले, याच मशीनचा रिपोर्ट द्याले. फोन लागून नाई राह्यला."

"तोडू का मंग?"

मोठे बाबू गुणवंतराव दारातूनच म्हणाले, "तोडा ना. तुमचं नाव हाये का मशीन चालवाच्या परवानगीच्या कागदावर? लफड्यात जासान, सर. उद्या पथक आलं तं मी कोणाले दाखवू तुटलेलं कुलूप?"

नागसेनचा हात कुलपावर होता. मला त्याचं वजन कळत होतं. मी मनात म्हटलं, तोड. मग हात निघाला.

आणखी अर्ध्या तासानं सोमारीचं बीपी लागेना. तेव्हा गाडी बोलावली. गडचिरोलीच्या वाटेवर, आष्टीच्या अलीकडेच संपलं सगळं. नंतर कळलं, गर्भ नळीतच राहिला होता आणि नळी फुटली होती. पोट रक्तानं भरलं होतं. एवढं काळं तर मलासुद्धा ओळखता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती.

ज्या कायद्यानं मुली वाचवायच्या, त्याच्या भीतीनं एक मुलगी गेली. पथकाला घाबरले ते एकटे डॉक्टर नव्हेत. मीही आत सुखात बसले होते.

पंधरा दिवसांनी बिरजू सोमारीच्या मृत्यूच्या कागदासाठी आला. डॉक्टर प्रफुल्ल मान वर करत नव्हते. बिरजू म्हणाला, "कागद द्याल मंग. मले ते मशीन पाह्यचं हाये."

डॉक्टरांनी स्वतः कुलूप काढलं. बिरजू खाली बसला. मला वाटलं, आता लाथ मारेल. मारावी असंही वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी मला उचललं, वजन पाहिलं, परत ठेवलं.

"एवढीशीच हाये?" तो म्हणाला. "मले वाटलं, भिंतीतच बसवलेली हाये, म्हणून काढता नाई आली."

तो कागद न घेताच गेला.

त्या दिवसापासून चाबी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असते, नागसेनचं नाव कागदावर चढलंय. हे सगळं एका अर्जाचं काम होतं. तुमच्या दवाखान्यातही माझी एखादी बहीण असेल. फार काही मागत नाही. आज जाऊन एवढंच विचारा, साहेब गावाला गेले की तिची चाबी कोणाकडे असते?