एका सुळ्याचा मामा

मुकेतूचं पोट त्याच्या जिभेवर चालायचं. होडी होती, वल्ही होती, पण ती काय डुकेलात घरटी एकेक होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि पाठीशी जंगल, अशा त्या गावात होडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. मुकेतूकडे जास्तीचं काय, तर बोलणं. म्हणून तर पाहुणे त्याच्याकडे यायचे.

पैसेवाले पाहुणे नव्हेत हं. ते पलीकडच्या अभयारण्यात उतरायचे, जीपमधून हिंडायचे, बर्फ घालून पाणी प्यायचे. मुकेतूकडे यायचे ते पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे. मालट्रकच्या मागे बसून धूळ खात यायचे, गावात चटईवर झोपायचे, त्याच्या आईनं रांधलेला धुरावलेला मासा आणि पानात बांधलेल्या कसाव्याच्या कंदाच्या कांड्या खायचे आणि दोन दिवसांत सगळं बघून परत जायचे. सगळं म्हणजे हत्ती. समुद्राच्या वाळूत उतरणारा जंगलातला हत्ती! दोन दिवसांत तो दिसलाच पाहिजे. आता हत्तीला कुणी वेळापत्रक दिलंय का? पण कमी पैसे देणारा पाहुणाच जास्त कटकट्या, हे जगात सगळीकडे सारखंच.

म्हणून मुकेतू वाळूच्या उंचवट्यामागे पिकून काळी पडलेली केळी टाकायला लागला. चारच दिवसांत हत्ती आला. मोठा नर, डावा सुळा अर्ध्यात मोडलेला. मग तो रोजच यायला लागला.

एका पाहुणीनं विचारलं, "याला नाव आहे का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुकेतू म्हणाला, "बुलिंगी. माझा मामा आहे तो."

आणि गोष्ट आपोआप सुरू झाली. बुलिंगीमामा चार वर्षांपूर्वी खाडीच्या मुखाशी जाळं टाकायला गेला. होडी उलटी सापडली, मामा सापडला नाही. इथवर सगळं खरं. पुढे मुकेतूनं जोडलं, की महिन्याभरानं लाटांतून हा हत्ती वर आला. मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती, याचा डावा सुळा तुटका. पाहुणीचे डोळे भरून आले. त्या दिवशी पाहुण्यांनी जाताना वरचे पैसेही दिले आणि तिकडे आपल्या मित्रांना सांगितलं. मग येईल तो पाहुणा मामालाच बघायचं म्हणायला लागला.

पाहुण्यांशी तो फ्रेंचमध्ये बोलायचा आणि चुलीपाशी बसलेल्या आईला ती भाषा येत नाही असं मुकेतू समजून होता. अहो, तीस वर्षं तेलकंपनीच्या साहेबांची धुणीभांडी केलेली बाई ती! पेंबाला, म्हणजे त्याच्या आईला, फ्रेंच बोलता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं.

या किनाऱ्यावर बाप म्हणजे घरातला पाहुणा. घर मामाचं. भाच्याचं लग्न, जमिनीचा वाद, कुणाला माफ करायचं नि कुणाला नाही, सगळं मामा ठरवणार. असा माणूस गेला की वर्षभरानं जेवण घालून सुतक उतरवतात. पण माती दिल्याशिवाय सुतक उतरत नाही आणि माती द्यायला देह लागतो. पेंबाच्या डोक्यावरचं काळं फडकं चार वर्षं उतरलं नव्हतं. धुऊन धुऊन ते राखाडी झालं होतं. अशा बाईच्या कानावर ती गोष्ट पडली.

तिनं मुलाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हत्ती तिच्या कसाव्याच्या शेतात शिरला, तेव्हा तिनं हत्ती हाकलायला वाजवायचा पत्र्याचा डबा खाली ठेवला, गुडघ्यांवर बसली आणि वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशी हळूच टाळी वाजवली. शेजारच्या बायकांनी बघितलं. झालं! मेलेला वडीलधारा भेटीला आला तर त्याच्यावर डबे वाजवायची कुणाची छाती आहे? डुकेलातले डबे बंद पडले. हत्तीनं पावसाळ्याआधी तीन शेतं साफ केली.

शेजारच्या मासोंदेमावशीनं एक दिवस मुकेतूला पाणवठ्यावर गाठलं.

"तुझ्या मामाला सांग, माझी केळी संपली. आता काय मला खाणार?"

"मावशी, मी काय सांगणार त्याला?"

"का? पाहुण्यांपुढे तर लई बोलतोस त्याच्याशी. जिवंत होता तेव्हाही मेला जेवायच्या वेळेलाच माझ्या दारात यायचा. पण तेव्हा निदान एका ताटात भागायचं त्याचं!"

मुकेतू हसला आणि वाटेला लागला. आईला खरं सांगायचं असं त्यानं तीनदा ठरवलं. तीनदा चुलीपाशी जाऊन बसला. एकदा तर तिनंच हसून म्हटलं, "आज त्यानं माझ्याकडे बघून कान हलवले रे." चार वर्षांत ती अशी हसली नव्हती. कुठल्या तोंडानं सांगणार? आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांनाही मामाच हवा होता. खोटं आतून हवंहवंसं आणि बाहेरून फायद्याचं असलं की ते सोडवत नाही.

मग एके दिवशी सहा पाहुणे होते. आदल्या संध्याकाळी मुकेतूनं त्यांना लांबूनच हत्ती दाखवला होता, कारण त्याची कानशिलं ओली दिसत होती. नर माजावर आला की कानशिलातून तेल झरतं, तेव्हा दुसरे हत्तीही त्याच्या वाटेला जात नाहीत. सकाळी उठून बघतो तर चूल थंड.

"कॉफी?" लाल टोपीवाल्या पाहुणीनं कप पुढे केला.

तेवढ्यात वाटेवरून मासोंदेमावशी ओरडली, "अरे, तुझी आई शेतात गेली! मामाची खुर्ची डोक्यावर घेऊन, ताडी घेऊन! म्हणाली, आज विचारतेच."

"काय विचारते?"

"कुठे पडलास, ते! दुसरं काय विचारणार ती?"

"इथून हलू नका," असं पाहुण्यांना ओरडून सांगत मुकेतू धावत सुटला. पाहुणे अर्थातच मागोमाग आले. हलू नका म्हटल्यावर थांबेल तो पाहुणा कसला!

शेतात उरलेल्या कसाव्याच्या मधोमध मामाची वेताची खुर्ची मांडलेली होती. खुर्चीपुढे ताडीचा भोपळा, केळीचा घड आणि जमिनीवर पेंबा. बारा पावलांवर हत्ती. कान ताणलेले, कानशिलं चिंब. मुकेतूनं हात मागे करून पाहुण्यांना थोपवलं आणि वाकून, अगदी हळू पुढे गेला.

"आई. ऊठ. मागे ये."

"गप. बोलतेय मी."

"आई, तो मामा नाही."

पेंबानं मान वळवली नाही. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मीच रचलं ते. पाहुण्यांसाठी. केळी मी टाकायचो, म्हणून येतो तो. साधा हत्ती आहे आई, माजावर आलाय. पाया पडतो तुझ्या, ऊठ."

इतक्या दिवसांचं खोटं असं एका दमात बाहेर पडलं. मुकेतूला वाटलं, आता आई कोसळेल. पेंबा मात्र शांतपणे म्हणाली, "भितोस आणि बरळतोस. केळ्यांवर येतो म्हणे! अरे, त्याचा जन्मभर केळ्यांवरच जीव होता."

हत्तीनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पुढचा पाय खुर्चीवर पडला आणि खुर्चीचा चुरा झाला.

"बघ," पेंबा म्हणाली, "बसायला आला." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मुकेतूला रडू फुटलं.

खरं सांगून आई हलत नव्हती. मग त्याच्याकडे उरलं काय? जीभ.

"आई, काल मामा स्वप्नात आला होता."

आता मात्र तिनं वळून बघितलं.

"म्हणाला, बहिणीनं माझ्यापुढे यायचं नाही. जे बोलायचं ते भाच्याशी बोलेन. सगळं सांगितलंय त्यानं मला. म्हणाला, तिला घेऊन जा, आणि मागे बघायचं नाही."

मेलेला मामा भाच्याशीच बोलतो, हे कुणीही कबूल करेल. पेंबा लगेच उठली. लहान मुलीसारखा तिनं मुकेतूचा हात धरला. दोघं चालायला लागली, धावायचं नाही, मागे बघायचं नाही. पाठीमागे भोपळा फुटल्याचा आवाज झाला, केळीचा घड फरफटला. वाट येईपर्यंत मुकेतूनं तिचा हात सोडला नाही.

पाहुणे रडत होते. लाल टोपीवालीनं पेंबाला मिठी मारली. मासोंदेमावशीही मागून आली होती, हातात खुरपणीची कुदळ.

पेंबानं मिठी सोडवली आणि मुलाकडे वळली.

"सगळं सांगितलंय म्हणालास."

"हं."

"मग कुठे पडलाय तो?"

मुकेतूकडे पाहुण्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तर तो उभ्या उभ्या एक नाव बनवायचा.

"ते... ते नाही सांगितलं, आई."

"बरं," पेंबा म्हणाली. "मग मीच विचारते." आणि शेताकडे परत फिरली.

त्यानं तिचा दंड धरला. "मुखाशी!"

"मुख केवढं मोठं आहे रे. कुठे मुखाशी?"

"पांढरा ओंडका आहे ना, लाकूडवाल्यांचा, वाहून आलेला. त्याच्या सावलीत."

पेंबानं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं मासोंदेच्या हातातली कुदळ घेतली आणि होडीच्या दिशेनं चालू पडली. मासोंदेनं तिला अडवलं नाही. तीही निघाली, वाटेत आणखी चार बायकांना हाक मारत. महिनाभर मामाला शिव्या घालणारं गाव एका घटकेत मामाला माती द्यायला निघालं.

दुपारपर्यंत ओंडक्यापाशी कमरेइतका खड्डा झाला. तळाशी पाणी पाझरत होतं, कडा ढासळत होत्या. पाहुण्यांनी कॅमेरे बाजूला ठेवले होते. लाल टोपीवाली गुडघ्यांवर बसून जेवणाच्या थाळीनं वाळू उपसत होती आणि मधूनच मुकेतूकडे बघून मान हलवत होती, काळजी करू नको, सापडेल, अशी. मुकेतू खणत होता. आई थांबेपर्यंत त्याला थांबता येणार नव्हतं आणि आई थांबणार नव्हती. कासवाचं एखादं हाड लागलं तरी चालेल, तेच मामाचं म्हणू, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तरी त्याची नजर वाळूत तेच शोधत राहिली.

भरतीचं पहिलं पाणी खड्ड्याच्या काठाला लागलं. मुकेतूनं घाईघाईनं कुदळ उचलून जोरात खाली घातली. पेंबानं त्याचं मनगट धरलं. तिनं डोक्यावरचं फडकं सोडून मांडीवर पसरून ठेवलं होतं, हाडं वेचून घ्यायला.

"हळू रे," ती म्हणाली. "मामाला लागेल."