परतलेल्या नायकाला टाळ्या

पहिल्या भागात नायकाच्या डाव्या भुवईवर दीड सेंटिमीटरची तिरकी खूण होती. दुसऱ्या भागात तिथे नितळ कातडी होती. तिने पुढच्या तीन क्लोजअपमध्ये खात्री करून घेतली. खूण गेली होती, आणि कुठे गेली हे सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"अगं, सिनेमा बघ, तपासणी करू नकोस," नवरा कानाशी कुजबुजला. "रविवार आहे आज."

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची सतरा वर्षं गेली होती. तिथे चुकलेला आकडा खोडून काढायचा नसतो. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, मग सही आणि तारीख. या सिनेमावाल्यांनी मात्र सरळ पांढरा रंग फासला होता. पहिल्या भागाच्या शेवटी अर्धं शहर जळत असताना नायक आकाशात निघून गेला होता. आता पूल जसाच्या तसा उभा, दुकानं उघडी, आणि तो ढगांतून उतरताच खालची माणसं आनंदाने हात हलवत होती. थिएटरमध्येही टाळ्या पडल्या. नवऱ्याने तर शिट्टी मारली.

पहिला भाग दोघांनी पाच वर्षांपूर्वी एकत्र पाहिला होता. त्यानंतर वर्षभरातच तिची आई अंथरुणाला खिळली आणि मधल्या खोलीत तिची खाट आली. खाट आली आणि दोन महिन्यांत नवऱ्याला एकाएकी दुसऱ्या शहरात काम निघालं. "चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून गेलेला माणूस तीन वर्षं एक महिना आला नाही. आई गेली तेव्हा त्याचा फोन आला होता. "मी आलो असतो गं, पण इथे..." मग एके दिवशी दोन बॅगा घेऊन तो दारात उभा. "आलो बाई एकदाचा!" खाटेच्या जागी त्याने मोठा टीव्ही लावला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "किती मोकळं वाटतंय ना आता इथे?"

तेव्हापासून दहा महिने तो विचारत होता, "मग आता कायमचं समजू ना?" आणि दहा महिने ती म्हणत होती, "बघू." आता घरमालकिणीने नव्या करारासाठी राहणाऱ्यांची नावं सोमवारपर्यंत मागितली होती. फॉर्मवर पहिल्या ओळीत तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. दुसरी ओळ आठवडाभर कोरी होती.

मध्यंतर संपलं. नायक पुलावरच्या चौकीत शिरला. तिथली राखणदार बाई पहिल्या भागातलीच, फक्त तिचे केस आता पांढरे झाले होते. तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "या वेळी किती दिवस?"

नायक आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. संगीत नाही, काही नाही. पडद्याकडे बघत तिने मोजली, नऊ सेकंदं. इतक्या खोट्या सिनेमात ही नऊ सेकंदं कुणी ठेवली असतील? त्या अनोळखी माणसाचे आभार मानावेत असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी भिंत फोडून राक्षस आत घुसला. बाईचा प्रश्न तसाच राहिला. शेवटपर्यंत त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

शेजारची खुर्ची तेव्हा रिकामी होती. नवरा पॉपकॉर्नच्या रांगेत होता.

"मधलं काही हुकलं का माझं?" पायऱ्या उतरताना त्याने विचारलं.

"पुलावरची बाई होती."

"म्हणजे काही नाही. पण एन्ट्री काय होती राव! अंगावर काटा आला. तुला नाही आवडला ना? चेहराच सांगतोय."

"पहिला भाग बरा होता. तो वाईट वागलाय, हे निदान सिनेमाला माहीत होतं."

"झालं सुरू! अगं, माणूस परत आला हे महत्त्वाचं की नाही? आता मीही आलोच की. पण आमच्या नशिबी ना टाळ्या, ना शिट्ट्या. दहा महिने नुसतं 'बघू, बघू'!"

मागून उतरणारं एक जोडपं हसलं. त्याला ते आवडलं. त्याने आणखी ऐटीत तिच्या खांद्यावर हात टाकला. "उद्या सोमवार आहे, तपासनीसबाई. नाव घातलंस ना माझं?"

तिने तो हात खांद्यावरून उचलला आणि कुणाची राहिलेली वस्तू द्यावी तसा सावकाश त्याच्याकडे परत केला. पायरीच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत, ती थांबली.

"नाही घातलं," ती म्हणाली. "घालणारही नाही. तू तुझ्यासाठी दुसरं घर बघ."