होयबा सुनेची कार्डं

सुनेची एक खोड सासूबाईंना पहिल्या दिवसापासून खुपत होती: ती कुणालाच 'नाही' म्हणत नसे. बहिणींच्या घरच्या सुना तोंडाळ, पण त्यांच्याशी भांडता तरी येई. हिच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. सासूबाई तिला होयबा म्हणत. त्यालाही ती "होय, आई" म्हणे.

लॉन्ड्री उभी केली सासूबाईंनी, आता चालवत होती सून. मोठी हॉटेलं चादरी द्यायला तयार होती, पण जुन्या मशीनला तो भार झेपेना. नव्या मशीनसाठी सुनेनं कर्ज मागितलं, ते नामंजूर झालं. म्हणून दोघी बँकेतल्या बाईंसमोर बसल्या होत्या.

"एकापाठोपाठ तीन नवी कार्डं काढलीत?" बाईंनी विचारलं.

"दुकानात गेलं की विचारतात, कार्ड काढता का. होय म्हटलं."

"एका कार्डाबरोबर पिशवी फुकट होती, तीही घेऊन आली," सासूबाई म्हणाल्या.

"आणि सगळ्यात जुनं कार्ड बंद का केलंत? त्याचं बिल कधी थकलं नव्हतं."

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदराचं टोक चाचपू लागल्या. चादरींच्या घड्या घालताना त्याच म्हणाल्या होत्या, 'वापरत नाहीस ते कार्ड कशाला मिरवतेस? टाक बंद करून.' सुनेला ती पडत्या फळाची आज्ञा. दुसऱ्याच दिवशी कार्ड बंद.

बाईंनी समजावलं, "त्या कार्डाची उधारीची मर्यादा मोठी होती. नव्या तिन्हींची मिळून तिच्या पावपटही नाही. खर्च तेवढाच, पण मर्यादा आटली, म्हणून आता तुम्ही उधारीत गळ्यापर्यंत बुडालेल्या दिसता. वर इतके अर्ज. बँकेला वाटतं, बाईंना पैशाची फार निकड आहे. स्कोर घसरणारच."

"उधारी वाढली नाही, तरी पत गेली?"

"गेली नाही, आजी, घसरली. कार्डांवर खर्च कमी ठेवा, बिलं वेळेवर भरा, नवीन काही काढू नका. सहाएक महिन्यांनी या, बघू."

बाहेर दारातच एक तरुण टेबल मांडून बसला होता. "ताई, आमच्या कंपनीचं कार्ड घ्या. छत्री मोफत."

सून थबकली. सासूबाईंनी जीभ दाताखाली धरली.

"नको, दादा," सून म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिला पुन्हा सांगावं लागलं.

रस्त्याला लागल्यावर सासूबाईंचा राग उफाळला. "ती तिन्ही कार्डं आजच बंद कर. ब्याद जाऊ दे."

सून चार पावलं चालली. मग म्हणाली, "नाही, आई. बंद केली तर उरलीसुरली मर्यादाही जाईल. राहू देत. बाकी भरून टाकू आणि कपाटात ठेवू."

सासूबाई जागीच थांबल्या. सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर सावरला आणि निकाल दिला:

"जीभ होती तर एवढे दिवस कुठे ठेवली होतीस? जुनं कार्ड बंद कर म्हटलं, तेव्हा हेच बोलली असतीस तर आज मशीन दारात असतं. चूक तुझीच. माझं ऐकलंस. आता हॉटेलवाल्यांना थांबायला सांग, तेही तूच. आणि मी पुन्हा काही वेडंवाकडं सांगितलं, तर असंच तोंडावर नाही म्हणायचं. एवढ्याला मात्र होय म्हण."